सोलापुरातल्या मंडळ्यांनी (चर्चनी) एकत्र काम करायचं, तर सुरुवात कुठून करावी?

लष्करकर

सर्वांना सलाम आणि नमस्कार.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळ्याकडे काय हाल झाले ते इथल्या बहुतेकांनी पाहिलेत. आमच्या मंडळीच्या तरुण संघानेही पिशव्या भरून नेल्या होत्या. पीठ, तांदूळ, डाळ, तेल, साबण, चटई. मोहोळ तालुक्यातल्या एका गावात पोचलो तर पारापाशी आधीच दोन टेम्पो उभे, दोन्हींच्या काचेवर क्रूस. एक सोलापुरातल्याच पेंटेकॉस्टल मंडळीचा, दुसरा कॅथलिक पॅरिशचा. तिघांच्या पिशव्यांत तेच पीठ, तेच तेल. त्या गावाला त्या दिवशी तीन-तीन पिशव्या मिळाल्या. पलीकडच्या वस्तीकडे जाणारा रस्ता वाहून गेलेला, म्हणून तिकडे कुणीच गेलं नव्हतं. चालत गेलो तेव्हा कळलं की तिथे पिठापेक्षा जनावरांना चारा आणि बायकांना पॅड हवे होते. दोन्हींपैकी एकही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच टेम्पोत नव्हती.

आदल्या दिवशी तीन फोन झाले असते तर हे टळलं असतं. पण आपल्याकडे एकमेकांचे नंबर नसतात. १८ ते २५ जानेवारीचा ऐक्याचा प्रार्थना सप्ताह येतो. गड्ड्याची जत्रा अजून पुरती उठलेली नसते आणि आपण एका चर्चमध्ये जमतो. सगळे पाळक एका व्यासपीठावर, दोन गीतं, एक उपदेश, चहा-चिवडा, फोटो. मग पुढच्या जानेवारीपर्यंत रामराम.

वर्षभर चालेल असं एखादं काम एकत्र करता येईल का? वस्तीसाठी, म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांसाठी, फक्त आपल्या लोकांसाठी नव्हे. माझ्या डोक्यात संध्याकाळची अभ्यासिका आहे. आणखी सुचवा. उणीदुणी नकोत.

शेंगाचटणी

उणीदुणी नकोत म्हणल्यावर धागा चार प्रतिसादांत आटपतोय की बे. :)

पहिला प्रश्न मीच विचारतो, म्हणजे बाकीच्यांना लाजायला नको. बॅनरवर पहिलं नाव कुणाचं? अभ्यासिका, दवाखाना, पाणपोई, काय बी काढा, गाडी तिथंच अडकतीय.

शब्बाथशाळा_ताई

लष्करकर, पाळकांच्या व्यासपीठावर एकी होत नसेल, पण बायकांची कधीपासूनच आहे. मार्चचा पहिला शुक्रवार, जागतिक प्रार्थना दिन. दरवर्षी एका वेगळ्या देशातल्या स्त्रिया त्या दिवसाची उपासना लिहितात आणि जगभर तीच वापरली जाते. आपल्याकडे यजमान चर्च पाळीपाळीने बदलतं. कोण कुठल्या मंडळीची, कुणाचा बाप्तिस्मा लहानपणी झाला आणि कुणाचा मोठेपणी नदीत, हा विषय आमच्यात निघत नाही. निघतो तो पोह्यांना शेंगदाणे किती लागतील याचा.

पाळकांची बैठक ठरायला महिने जातात, आमचं दुपारच्या फोनवर ठरतं. सिव्हिलमध्ये बाहेरगावचे पेशंट असतात, त्यांच्या नातेवाइकांना जेवणाचे डबे द्यायचं काम आम्ही तीन मंडळ्यांच्या बायकांनी मिळून बरेच दिवस केलं. कमिटीला ते कळलं तेव्हा पत्र आलं की हे कुणाच्या परवानगीने चाललंय. तेव्हा सल्ला एवढाच: महिला मंडळांपासून सुरू करा, कमिटीला मागाहून सांगा.

रोखठोक

मी हिंदू आहे, सोलापूरचाच. धागा सभ्य वाटला म्हणून लिहितोय. मदतीच्या पिशवीबरोबर पत्रक येतं आणि प्रार्थनेला बसलं तर पुढची पिशवी मिळते, असं लोक उघड बोलतात. खरं किती, खोटं किती, ते बाजूला ठेवू. एकेका मंडळीबद्दल ही शंका असताना सगळ्या मिळून वस्तीत उतरल्या तर ती वाढेल की कमी होईल? याचं उत्तर नसेल तर अभ्यासिकेत पोरं येणार नाहीत. आले तरी आई-बाप चार दिवसांत काढून नेतील.

लष्करकर

रोखठोक, प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आमच्याच मोठ्या संस्थांनी फार आधी लिहून ठेवलंय. १९९४ मध्ये रेड क्रॉसच्या पुढाकाराने आपत्तीतल्या मदतीची एक आचारसंहिता ठरली. ती पुरस्कृत करणाऱ्यांत कॅथलिकांची कारितास होती, जागतिक चर्च परिषद होती, लूथरन वर्ल्ड फेडरेशनही होतं. त्यात स्पष्ट म्हटलंय की मदत गरज बघून द्यायची, धर्म-वंश बघून नाही, आणि कुठलीही राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे रेटायला ती वापरायची नाही. म्हणजे पिशवीत पत्रक नको हा नियम बाहेरून कुणी आमच्यावर लादलेला नाही.

आता सोलापुरातल्या प्रत्येक छोट्या मंडळीला ही संहिता माहीत आहे का? नाही. आणि माहीत असली तरी पाळेल का? काही जण म्हणतील की सुवार्ता सांगणं हेच आमचं काम, ते सोडून मदत कसली. हा आमच्यातला खरा वाद आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. माझ्या मते एकत्र काम करण्याचा इथे फायदाच होतो. पाच मंडळ्या असल्या की एकमेकींवर नजर राहते. एकटीच असेल तर तिला विचारणारं कुणी नसतं.

विडीवाली_लेक

मी पद्मशाली, घरी तेलुगू, शाळा मराठी. आई विड्या वळायची, तिची आई पण. ख्रिश्चन नाही, पण शिकले मिशनच्याच शाळेत, त्यामुळे वाचत होते.

अभ्यासिका चांगलीच आहे, पण त्या सगळेच काढतात. नगरसेवक काढतो, मंडळ काढतं, निवडणूक झाली की कुलूप. तुम्हाला खरंच कुणी न केलेलं काम हवंय का? मग ऐका.

विडी कामगार बायकांना पीएफ असतो आणि साठीच्या आसपास ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या योजनेची, पेन्शन सुरू होते. रक्कम ऐकून हसाल. २०१४ पासून किमान हजार रुपये ठरलेत आणि हजारो बायकांना तेवढेच मिळतात. पण त्या हजारावर गोळ्या-औषधं चालतात. ती पेन्शन चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी कागदावर असायचा, आता आधारवर अंगठा लावून. आणि इथेच घोळ होतो. आयुष्यभर तेंदूपत्ता कातरून, तंबाखू भरून, दोरा बांधून बोटांच्या रेषाच गेलेल्या असतात. मशीन अंगठा घेत नाही. म्हातारी तीनदा जाते, रिक्षाचे पैसे घालवते, 'उद्या या' ऐकून परत येते. दाखला गेला नाही की पेन्शन थांबते. शेजारीण सांगते, तू मेलीस असं लागलंय कंप्युटरात. त्यावर बायका हसतात पण.

यावर उपाय आहे. २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप साध्या अँड्रॉइड फोनवर चालतात. एकाच फोनवरून कितीही जणींचा देता येतो. लागतं काय, तर बऱ्यापैकी कॅमेरा, नेट, उजेड आणि चिडचिड न करणारं एक माणूस. शेवटचं सगळ्यात दुर्मिळ.

दुसरा घोळ नावांचा. पीएफच्या रेकॉर्डला एक नाव, आधारला दुसरं. आमची तेलुगू आडनावं मराठी कारकुनाने ऐकून इंग्रजीत लिहिलेली, म्हणजे विचारूच नका. माहेरचं नाव कार्डावर, सासरचं आधारवर, जन्मतारीख दोन्हीकडे १ जानेवारी पण साल वेगळं. ते दुरुस्त करायला फॉर्म, मालकाची सही आणि पाठपुरावा लागतो. ज्याच्या घरात शिकलेलं कुणी नाही त्याने काय करायचं? एजंट. तो पहिल्या रकमेतला वाटा घेतो.

तिसरं, विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती असते, राष्ट्रीय पोर्टलवर भरायची. कित्येक घरांत ती माहीतच नाही, किंवा माहीत होईपर्यंत तारीख गेलेली असते.

यातल्या कशालाच इमारत लागत नाही, देणगी लागत नाही, बॅनर लागत नाही. आणि रोखठोक दादा, पेन्शनच्या दाखल्यात धर्मांतर कुठून घुसवणार?

रोखठोक

मान्य. हे काम काढलंत तर मी पण येऊन बसतो. फोनचा कॅमेरा चांगला आहे.

शेंगाचटणी

लेक, एक नंबर. आमची आत्या नीलमनगरला, तिचं सेम हे झालं. बँकेत जाऊन म्हणली, "मी जिवंत हाय की साहेब, बघा की." साहेब म्हणले, मशीन नाही म्हणतंय.

आजोळ_सोलापूर

पुण्याहून लिहितोय. थोडं इतिहासाचं, कंटाळा आला तर पुढे जा.

पूर्वी मिशनांनी आपसांत भाग वाटून घेतले होते, एकाच्या शेतात दुसऱ्याने पेरायचं नाही असा करार. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ ला आलं, १८३१ ला अहमदनगरला गेलं, पुढे सोलापूर त्यांच्याकडे आलं. म्हणून आपल्याकडची जुनी प्रॉटेस्टंट मंडळी, शाळा, वोरोनोकोसकट, बहुतेक त्याच एका झाडाच्या. कोकणात, विदर्भात दुसरी मिशनं. आपण ज्याला परंपरा म्हणून मिरवतो त्यात सिद्धांत थोडा आणि नकाशा जास्त.

एक होण्याचं म्हणाल तर उत्तर भारतातल्या चर्चांची त्याबद्दलची बोलणी १९२९ ला सुरू झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपूरला. अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट असे सहा प्रवाह मिळाले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर पडले.

शेंगाचटणी

४१ वर्षं! आणि आपण म्हणतोय बैठक ठरायला महिने जातात.

पॅरिशमधला

कॅथलिक बाजू. आमच्याकडे १९६४ पर्यंत दुसऱ्या चर्चमध्ये जाऊन प्रार्थना करणंसुद्धा बसत नव्हतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्याबद्दलचा आदेश काढला तेव्हा दार उघडलं. माझे वडील सांगायचे, शेजारच्या प्रॉटेस्टंट मित्राच्या लग्नात ते बाहेर मांडवात बसून राहिले होते. आज आमचे फादर नाताळात सगळीकडे जातात.

अडचण वेगळी आहे. आमचे फादर बदलतात. एकाला उत्साह असतो, काम उभं राहतं, मग बदली होते, आणि नव्या फादरांना आधी छपराची गळती बघायची असते. तुमच्या पाळकांच्याही बदल्या होतातच. तेव्हा काम फादर-पाळकांच्या भरवशावर ठेवू नका, साध्या सभासदांच्या हातात ठेवा. आशीर्वाद घ्या, चावी देऊ नका. (हे फादरांना दाखवू नका.)

आमच्या सिस्टर दवाखान्याचं काम जाणतात. विडी वळणाऱ्या बायकांना तंबाखूच्या धुळीने दमा, खोकला. दाखल्याला आलेल्या बाईचं तिथेच बीपी, साखर बघता येईल. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायला सरकारी दवाखान्यात पाठवायचं, टीबीची तपासणी आणि औषध तिथे फुकट आहे.

सेटलमेंट_फ्री_कॉलनी

आमच्या वस्तीचं नाव अजून सेटलमेंटच आहे. तरुण पोरांना कळत बी नाही कशावरनं.

इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कैकाडी, पारधी, टकारी, भाट, मांग गारुडी, जन्मला की गुन्हेगार. सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली, गिरणीत कामाला लावलं. तार सरकारची, पण त्या सेटलमेंटचा कारभार काही वर्षं मिशनकडं होता. शाळा काढली, शिवण शिकवलं, दवाखाना होता, हे खरं. आमच्यात जी पहिली पिढी शिकली ती तिथंच. आणि हजेरीची वही पण तिथंच होती. चांगलं करायला आलेल्या माणसाच्या हातात कुलपाची किल्ली होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, आम्ही विमुक्त झालो.

हे राग म्हणून सांगत नाही. तुम्ही सगळे चर्चवाले वस्तीत यायचं म्हणताय तर एवढं बघा की यादी कुणाकडं राहणार. आधार नंबर, पेन्शनचा नंबर, घरात किती माणसं, कोण आजारी. वही कोण ठेवणार आणि काम झाल्यावर तिचं काय करणार? आमच्या वस्तीत कुणी वही घेऊन आलं की म्हातारी माणसं अजून बी दार ओढून घेतात.

शब्बाथशाळा_ताई

दादा, हे आमच्या कुठल्याच बैठकीत कुणाच्या डोक्यात आलं नसतं. वही ठेवायचीच नाही. दाखला गेला की पावतीचा मेसेज त्या बाईच्याच फोनवर येतो, आपल्याकडे काय ठेवायचंय? किती जणींचं झालं एवढा आकडा पुरे.

लष्करकर

ताईंना अनुमोदन. नावं नाहीत, फोटो नाहीत. अहवालाला फोटो लागतात असं कुणी म्हणालं तर अहवालच नको.

जमाखर्च

ऑडिटच्या क्षेत्रातला माणूस. चार गोष्टी सांगतो, नंतर पस्तावू नका.

उत्साहात नवा ट्रस्ट काढू नका. एकत्र काम म्हटलं की पहिल्या बैठकीत नाव, लोगो, घटना आणि अध्यक्ष निघतो. मग धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी हिशेब, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, आणि बदल अर्जावर हरकत. चर्चच्या मिळकतींचे किती वाद त्या कार्यालयात लोंबकळतायत ते इथल्या जाणत्यांना माहीत आहे. त्यात नव्या फायलीची भर नको.

परदेशी पैशाचा विचारही करू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, मग ती नोंदणीकृत असली तरी. पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत. म्हणजे एका मोठ्या चर्चने बाहेरून निधी आणायचा आणि पाच छोट्यांना वाटायचा, हा जुना मार्ग कायद्याने बंद झाला. मला विचाराल तर बरं झालं. पैसा आला असता तर तुमची एकी त्याच महिन्यात मोडली असती.

लेकीने सांगितलेल्या कामाला खर्च किती? नेट, टेबल-खुर्च्या, चहा. ज्या चर्चच्या आवारात बसाल त्यांनी चहा द्यायचा, पाळी बदलली की चहाही बदलला. एकत्र खातं उघडायचं नाही. कुणी पाचशे रुपये देऊ केले तरी त्या मंडळीच्या पावतीवर घ्या. हिशेब वेगळे राहिले की माणसं एकत्र राहतात, हा माझा चर्चमधला नाही, पण बऱ्याच सोसायट्यांमधला अनुभव.

नवी_मंडळी

हे सगळं वाचून बरं वाटतंय, पण एक बोलतो. आम्ही भाड्याच्या हॉलमध्ये जमतो, घुमट नाही, घंटा नाही. जुन्या मंडळ्या आम्हाला 'ते टाळ्या वाजवणारे' म्हणतात. ऐक्य सप्ताहाला खुर्च्या भरायला बोलावतात, नियोजनाला नाही. आमच्या एका कुटुंबात मयत झाली तेव्हा दफनाच्या जागेसाठी दुपारपर्यंत फिरलो. जिथे गेलो तिथे पहिला प्रश्न, कुठल्या चर्चचे सभासद, वर्गणी कुठे भरता. घरात प्रेत आणि हातात पावत्या. त्या दिवसापासून ऐक्य या शब्दाने मला काही होत नाही.

वस्तीचं काम जरूर करू, पण आपल्याच मेलेल्या माणसाला सहा फूट जागा देताना पावती मागायची नाही, एवढं आधी ठरवणार का?

लष्करकर

याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्या कमिटीत मी नाही. पण पुढच्या बैठकीत विषय लेखी मांडतो. तोंडी मांडला की इतिवृत्तात येत नाही.

पॅरिशमधला

लेखी मांडाल तेव्हा मला सांगा. आमच्या बाजूनेही तसंच पत्र देतो, दोन्ही एकाच आठवड्यात गेली तर बाजूला सारता येणार नाहीत.

आजोळ_सोलापूर

नवी_मंडळी यांचा मुद्दा धाग्याच्या बाहेरचा वाटेल, पण नाही. स्मशानाची जागा महापालिकेकडे मागायची तर पाच मंडळ्यांचं एक निवेदन आणि पाच वेगवेगळी निवेदनं यात फार फरक पडतो. शहर वाढलं ते जुळे सोलापूर, होटगी रोडकडे. दफनाच्या जागा आहेत त्या जुन्या वस्त्यांत.

विडीवाली_लेक

मंडळी, दफनाचं तुम्ही बघा, मी परत माझ्या म्हाताऱ्यांकडे येते.

जागा रंगभवनजवळ फर्स्ट चर्चच्या आसपास ठेवाल तर येणाऱ्या येतील, पण खरी गर्दी कुंभारीला आहे. गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ ला विडी कामगारांची दहा हजार घरं झाली, मग शेजारी रे नगर. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. शहरातल्या बायका तिकडे गेल्या, दाखले-फॉर्मची कामं शहरातच राहिली. बसचं भाडं घालून इकडे यायचं म्हणजे तेवढी मजुरी गेली. तुम्हीच तिकडे या.

अजून एक. हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यायचा असं डोक्यात असेल तर काढून टाका. तो सरकारी पेन्शनरांचा महिना. ईपीएसवाल्यांनी वर्षात कधीही दिला तरी तिथून पुढे वर्षभर चालतो.

जमाखर्च

बरोबर. म्हणूनच दर महिन्याला एक दिवस ठेवला तरी चालेल, एकदाच शिबिर घेऊन झुंबड करायला नको.

शेंगाचटणी

मी दोन टेबलं आणि एक्स्टेंशन बोर्ड आणतो. कुंभारीला आमचे एक ओळखीचे हायेत, त्यांच्या किराणा दुकानापुढं पत्र्याचं शेड हाय. विचारून सांगतो. कुठल्याच चर्चचं आवार नाही, म्हणजे चहा कुणी द्यायचा ते जमाखर्च साहेबांनी ठरवावं.

शब्बाथशाळा_ताई

चहा आमच्याकडे. तेलुगू बोलणारं कुणी आहे का पण? आमच्या बायकांना 'बागुन्नारा'च्या पुढे येत नाही.

नवी_मंडळी

आमच्यात तिघी आहेत, त्यातल्या एकीची आई विड्याच वळते. रविवारी आमची उपासना दुपारपर्यंत चालते, शनिवार ठेवा.

विडीवाली_लेक

शनिवार चालेल, पण सकाळी नको. सकाळी बायका कारखान्यात माल द्यायला जातात, छाट, म्हणजे बाद केलेल्या विड्या, किती निघाली त्यावरून वाद होतो, उशीर होतो. चारनंतर ठेवा. येताना आधार, बँकेचं पासबुक, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर असलेला कागद आणि ओटीपी येईल तो फोन आणायला सांगा. फोन बहुतेक वेळा नातवाकडे असतो, त्यामुळे नातवाला पण आणा म्हणावं. पीपीओचा कागद सापडला नाही तर पासबुक बघून काढता येतो का ते मी पीएफ ऑफिसला विचारून इथेच टाकते.